चूक आपली असली तरी

न्यूझीलंडहून फोन आला तेव्हा मी सिंगापूरला रॅफल्स प्लेसमधल्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टची वाट पाहत उभा होतो. दुपारच्या जेवणाची वेळ, त्यामुळे लिफ्टसमोर ही गर्दी. फोनवर एक तरुण मुलगी बोलत होती. तिने माझ्या बायकोचं नाव घेतलं आणि त्यांच्याशी बोलता येईल का, असं विचारलं. आम्ही डिसेंबरसाठी तिथे भाड्याने ठरवलेल्या मोटरहोमचं बुकिंग बायकोच्या नावावर होतं. तिचा नंबर लागत नव्हता, म्हणून त्या मुलीने दुसरा नंबर लावला होता. तो माझा.

"ती आत्ता मीटिंगमध्ये आहे," मी म्हणालो.

असं का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिला जाऊन तीनेक महिने होत आले होते. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, मुलीच्या शाळेत माहीत होतं, आमच्या ब्लॉकखालच्या दुकानवाल्या म्हाताऱ्या बाईलाही माहीत होतं. त्यांच्यापैकी कुणालाच मला ते तोंडाने सांगावं लागलं नव्हतं. आणि आता हातात जेवणाचा डबा घेऊन, लिफ्टसमोर, एका अनोळखी मुलीला ते सांगायचं होतं. मला जमलं नाही.

"काही हरकत नाही," ती मुलगी म्हणाली. "बाकी सगळं झालंय. फक्त रोडसाइड असिस्टन्सचा प्लॅन निवडायचा राहिलाय. मी उद्या याच वेळी परत फोन करू का?"

मी हो म्हणालो. लिफ्ट आली, भरली, वर गेली. मी बाहेर पडलो आणि नदीच्या कडेला उन्हात जाऊन उभा राहिलो. डबा तसाच घरी परत गेला.

मी पुण्याचा, ती नागपूरची. लग्न झाल्यावर लगेच आम्ही सिंगापूरला आलो. मी बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. ती पाणी शुद्ध करण्याच्या पडद्यांवर संशोधन करायची. सुरुवातीला तोआ पायोहला कुणाच्या तरी घरात एक खोली घेऊन राहिलो, मुलगी झाल्यावर पुंगोलच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. दोघंही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, दोघंही सतत कामात. सुट्टीत कुठे गेलोच तर दोन-चार दिवस, आणि तेही हॉटेलात.

पहिल्या आजारपणानंतर तिला हॉटेलं नकोशी झाली. ऑपरेशन, मग केमो, असं सगळं होऊन ती बरी झाली होती. केसही परत आले होते, आधीपेक्षा कुरळे. आम्ही मलाक्काला एका हॉटेलात गेलो, आणि खोलीत शिरताच ती दारातच थांबली. "या पांढऱ्या चादरी बघितल्या की मला वॉर्ड आठवतो," म्हणाली. रात्रभर ती खुर्चीत बसून होती. घरी आल्यावर तिने ठरवून टाकलं की आता जायचं ते आपलं अंथरूण, आपली भांडी आणि आपलं घर घेऊनच.

त्यातून मोटरहोम आली. एका संध्याकाळी तिने मला सोफ्यावर बोलावून लॅपटॉपवर चित्र दाखवलं. सात मीटरहून लांब गाडी, बसएवढी उंच, आत ओटा, सिंक, फ्रिज, बाथरूम.

"आपण तिघं. ही सहा जणांची कशाला?" मी विचारलं.

"माझी आई येणार ना बरोबर. तिला रात्री दोनदा उठावं लागतं, बाथरूम आतच हवं. आणि हे बघ, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग आहे. तो पिल्लूचा."

"आणि एवढी थोरली गाडी चालवणार कोण?"

"मीच. तुला गाडी मागे घेताना पाहिलंय मी."

तिने सगळ्यांचे व्हिसा काढले, गाडीतल्या खुर्च्यांपासून चमच्यांपर्यंत सगळं निवडलं. फक्त रोडसाइड असिस्टन्स तेवढा ठेवून दिला. वाटेत गाडी बंद पडली तर कोण येणार, कितपत मदत करणार, कशासाठी येणार नाही, हे त्या प्लॅनमध्ये असतं. तिला बारीक अक्षरातलं सगळं वाचायची सवय होती. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा ती पूर्ण उलगडून वाचायची. "हे घाईत करायचं काम नाही," म्हणाली. "शेवटी बसून शांतपणे ठरवू."

मग तपासणीत तो आजार परत दिसला. या वेळी तो सगळ्या पोटात पसरला होता. जूनचा प्रवास आम्ही डिसेंबरवर ढकलला. कंपनीने काही कुरकुर केली नाही.

एका दुपारी हॉस्पिटलात तिने मला ते प्लॅन वाचून दाखवायला सांगितलं. औषधांमुळे तिला स्क्रीनकडे बघवत नव्हतं. मी वाचत होतो आणि ती डोळे मिटून मध्येमध्ये प्रश्न विचारत होती.

"चावी आत राहून दार बंद झालं तर?"

"पहिल्या प्लॅनमध्ये नाही येत. त्यात फक्त गाडीचा स्वतःचा बिघाड."

"मग पहिला बाद. तू आहेस ना बरोबर." ती हसली, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून तिने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात नर्स आली. दुसरा प्लॅन अर्धाच वाचून झाला होता.

तिची आई नागपूरहून आली ती त्याच सुमारास. माझ्या सासूबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, सासरे आधीच गेले होते. मी त्यांना आई म्हणतो, त्या मला तुम्ही म्हणतात. शेवटचे आठवडे बायको घरीच होती. अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिस संस्थेची नर्स येऊन जायची. सासूबाई लेकीचं अंग पुसायच्या, केस विंचरायच्या, तोंडात चमच्याने ताक घालायच्या, आणि ती झोपली की स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या चहा प्यायच्या. एका सकाळी मी मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडून वर आलो, तर त्या पलंगाशी बसून तिच्या पायांवरून हात फिरवत होत्या. "गेली जी," एवढंच म्हणाल्या.

मंडाईच्या दहनगृहात, दाहिनीच्या दाराशी, भन्तेजींच्या मागे त्रिशरण-पंचशील म्हणताना सगळ्यांचे आवाज कापत होते. सासूबाईंचा कापला नाही. वर्गात मुलांना शिकवल्यासारखे त्यांनी सगळे शब्द स्वच्छ म्हटले. मुलीने माझी पँट मुठीत धरली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. ती रडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ममा हा शब्दच तिच्या बोलण्यातून गेला.

सासूबाई नातीसाठी राहिल्या. पण आम्हा दोघांमध्ये बोलणं असं नव्हतंच. दूध आणलं का, बस किती वाजता येणार, तांदूळ संपलाय, एवढंच. एकदा त्या फोनवर बहिणीशी बोलताना मी ऐकलं होतं. "इथं काहून ठेवली तिला, काय माहीत," त्या म्हणत होत्या. "घरी आणली असती तर चार माणसं असती आपली." मी दारातूनच मागे फिरलो होतो. तिला इथेच राहायचं होतं, मुलीची शाळा होती, तिचे डॉक्टर होते, हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही माणूस तसं म्हणतो. मीही मनात त्यांच्याबद्दल काहीबाही म्हणत असेन.

तर फोन आला त्या संध्याकाळी जेवताना मी सांगितलं, "न्यूझीलंडची गाडी उद्या रद्द करतो."

मुलगी ताटातून वर न बघता भात चिवडत राहिली. मग उठून आपल्या खोलीत गेली. सासूबाईंनी तिचं ताट उचललं, ओट्यावर ठेवलं, आणि परत येऊन माझ्यासमोर बसल्या.

"रद्द नका करू जी."

"आई, आपण तिघंच. ती चालवणार होती. मला ती गाडी झेपणार नाही."

"पोट्टी रोज रात्री मला त्या पलंगाचं सांगते," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या डोक्यावरचा. त्याला खिडकी कुठं आहे, चढायची शिडी कशी आहे. तिची माय तिला सांगत होती ते सारं. मायचं नाव घेत नाही, पण पलंगाचं बोलते. तेवढंच बोलते ती, जी. ते बंद नका करू."

मला हे माहीत नव्हतं. मला मुलगी रात्री काही सांगत नसे.

मी लॅपटॉप आणला. सासूबाईंनी टेबल पुसलं, चष्मा लावला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण असलं कायद्याचं इंग्रजी त्यांना आवडत नाही. मी वाचून मराठीत सांगत गेलो. पहिला प्लॅन बाद, हे मी का ते न सांगता सांगितलं.

"दुसऱ्यात काय?"

"दुसऱ्यात आपली चूक असली तरी येतात. चावी आत राहिली, दिवे चालू ठेवून बॅटरी उतरली, डिझेलऐवजी पेट्रोल भरलं, टायर फुटला."

"आपली चूक असली तरी?"

"हो."

"रागावत नाहीत?"

"नाही आई. त्याचीच तर सोय असते."

त्यांनी पुसायचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि चिखलात रुतली तर?"

मी खाली वाचत गेलो. एवढ्या मोठ्या गाडीला बाहेर काढायला वेगळा, जड ट्रक लागतो. तो दुसऱ्या प्लॅनमध्ये नव्हता. तिसऱ्यात होता. तिसऱ्यात आणखीही बरंच होतं: गाडी दुरुस्त होईपर्यंत राहायची सोय, दुसरी गाडी, आजारपण. मी मोठ्याने वाचत, वाक्यावाक्याला मराठी करत चाललो होतो आणि एका ओळीवर थांबलो.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"वाचा ना जी."

"मुख्य चालकाचा प्रवासात मृत्यू झाला, तर कंपनी गाडी परत नेते, आणि बाकीच्या प्रवाशांना..." मला शब्द सापडेना. "आणि जे उरतात, त्यांना घरी पोहोचवते."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदराने काचा पुसल्या.

"उरलेल्यांना घरी पोहोचवतात," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. हाच घ्या."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. त्या मुलीने ठरल्या वेळी फोन केला तेव्हा मी घरातच होतो. सासूबाई समोर मटार सोलत बसल्या होत्या. फोनवरच्या मुलीने परत बायकोचं नाव घेतलं, आणि मी सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान आहे. काल का बोललो नाही, तेही सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुम्हाला काही सांगायची गरज नाही," आणि मग बराच वेळ फोनवर नुसता तिच्या ऑफिसातला आवाज येत राहिला, कुणीतरी हसत होतं, कुठेतरी प्रिंटर चालू होता.

प्लॅन तिने लगेच नोंदवला. मग अगदी हळू विचारलं, "मुख्य चालक म्हणून तुमचं नाव घालू ना? आणि त्यांचं..."

"तिचं नाव ठेवता येईल का?" मी विचारलं. "नुसतं."

"गाडी घेताना ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना लायसन्स दाखवायला लागतं," ती म्हणाली. तिला ते सांगताना त्रास होत होता, हे कळत होतं. "मी विचारून बघते हवं तर."

"नको. काढून टाका."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. 'काढून टाका' एवढं इंग्रजी त्यांना समजत होतं. मी फोन ठेवल्यावर त्या उठल्या. सोललेले मटार आत नेऊन धुतले आणि त्या दिवशी आम्ही मटारभात खाल्ला.

डिसेंबरात आम्ही गेलो. ती गाडी मी कशी चालवली ते मला नीट आठवत नाही, इतका मी घाबरलेलो असायचो. वळणावर मागचा भाग कुठे असतो तेच कळायचं नाही. सासूबाई शेजारच्या सीटवर पर्स मांडीत धरून ताठ बसायच्या आणि समोरून ट्रक आला की श्वास रोखायच्या. मुलगी मात्र पहिल्या दिवशी गाडीत शिरली ती बूट न काढता शिडीवरून वर गेली, आणि त्या पलंगावर पालथी पडून छोट्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. जेवायला बोलावलं तरी खाली येईना. मी तिचं जेवण वर दिलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका तळ्याच्या काठी आम्ही थांबलो. फार सुंदर जागा होती, निळंशार पाणी, पलीकडे अजून बर्फ असलेले डोंगर, आणि माणूस एक नाही. चहा झाला. निघताना मला गाडी वळवायची होती. मी मागे घेतली, थोडी जास्तच घेतली, आणि मागचं डावं चाक गवतात उतरलं. वरून गवत, खाली सगळी ओल. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला. चाक फिरत राहिलं आणि अख्खी गाडी एका बाजूला कलली. आत भांडी खणखणली.

मी खाली उतरलो. तिथे हातभर अंतरावर बोर्ड होता. जमीन भुसभुशीत आहे, जड वाहनं आणू नयेत.

मुलगीही उतरली. तिने बोर्ड पाहिला, चाक पाहिलं, आणि एकदम ओरडली, "बोर्ड होता ना बाबा! केवढा मोठा बोर्ड! ममाने वाचला असता! शी रीड्स एव्हरीथिंग!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीही स्वतःचा आवाज ऐकून दचकल्यासारखी झाली. आणि मग तिथेच, ओल्या गवतात बसून, तिने असं रडायला सुरुवात केली की मला तिच्याजवळ जायचं धैर्य होईना. ममा, ममा, ममा, एवढंच. सासूबाई गाडीच्या तिरक्या पायऱ्यांवरून कशाबशा उतरल्या आणि चिखलात तिच्याजवळ बसल्या. तिला मांडीवर घेतलं. नऊ वर्षांची लांबलचक मुलगी, पाय बाहेर लोंबकळत होते. "रड माय," त्या म्हणत होत्या. "रड. जोरात रड."

फोनला तिथे रेंज नव्हती. मी रस्त्याने चालत वर गेलो, एका वळणावर रेंज मिळाली. मदतीच्या नंबरवरच्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं, मोठा ट्रक शेजारच्या गावाहून यावा लागेल, संध्याकाळ होईल, म्हणाला. तुम्ही सगळे सुखरूप आहात ना, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

परत आलो तेव्हा मुलगी रडून रडून झोपली होती. सासूबाईंनी तिला गाडीतल्या खालच्या बाकावर, कललेल्या बाजूला उशा लावून निजवलं होतं. आम्ही दोघं बाहेर खुर्च्या टाकून बसलो. तिथे उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. ऊन होतं, पण वारा गार होता.

मग सासूबाई तळ्याकडे बघतच म्हणाल्या, "तिचं पोट पहिल्यांदा दुखायला लागलं ना, तेव्हा मला फोन केला होता तिनं. तुम्हाला सांगितलं होतं?"

"नाही."

"आई, पोट फुगल्यासारखं वाटते, जेवण जात नाही, म्हणे. मी म्हटलं, बाहेरचं खाता तुम्ही लोक. ओवा खा." त्यांनी ओठ दाबले. "दर फोनला विचारत होती मी, ओवा खाल्ला का? हो आई, म्हणायची. नागपूरहून ओवा पाठवला मी तिला, जी. अर्धा किलो. भाजून पाठवला."

तो ओवा मला आठवत होता. स्वयंपाकघरात काचेच्या बरणीत होता तो.

"आई, डॉक्टरांनाही आधी ॲसिडिटीच वाटली होती. त्यांनीही तसल्याच गोळ्या दिल्या."

"ते डॉक्टर होते," त्या म्हणाल्या. "मी आई होती."

मी खुर्चीतून उठलो, काय करावं कळेना म्हणून गाडीच्या चाकापाशी गेलो, आणि तिथे उभा असताना मला रडू फुटलं. इतके महिने मी बाथरूममध्ये नळ सोडून रडत आलो होतो. इथे नळ नव्हता. सासूबाई मागून आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुझ्यावर राग होता माझा," त्या म्हणाल्या. "घरी नाही आणली म्हणून. अजून आहे थोडा. खोटं काहून बोलू. पण तू तिला एकटी नाही ठेवली एक दिवस, हे मी डोळ्यांनी पाहिलं. रडून घे रे बापा."

त्या मला पहिल्यांदाच तू म्हणाल्या होत्या. त्यानंतर पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी ट्रक आला तशा त्या पदर सावरून परत 'तुम्ही'वर आल्या.

ट्रकबरोबर आलेला माणूस वयस्कर होता, हाफ पँट आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. बोर्डाकडे त्याने पाहिलंही नाही. चाकाखाली फळ्या घातल्या, जाड तार अडकवली, आणि आम्हाला लांब उभं राहायला सांगितलं. गाडी आधी हललीच नाही, मग चिखलातून मोठा आवाज करत वर आली. मुलगी जागी होऊन पायरीशी आली होती, डोळे सुजलेले. तिने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी त्या माणसाला चहा आणि सोबत चकलीचा डबा दिला. त्याने दोन चकल्या खाल्ल्या, तिसरी खिशात घातली, आणि रस्त्याला लागेपर्यंत आमच्या मागे मागे ट्रक आणला.

त्या रात्रीपासून मुलगी ममाबद्दल बोलायला लागली. थांबेचना. ममाला हे आवडलं असतं का, ममाने हे पाहिलं होतं का, ममा लहान असताना आजी रागवायची का. कधी प्रश्न विचारता विचारता रडायची, कधी नुसतीच विचारायची. सासूबाई वर चढू शकत नसत, म्हणून रात्री शिडीच्या खाली उभ्या राहून तिला सांगत. मला मागच्या पलंगावर ऐकू येई: शाळेत पाढे चुकले म्हणून रडलेली माझी बायको, नव्या फ्रॉकला शाई सांडणारी माझी बायको. यातलं कितीतरी मलाही माहीत नव्हतं. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तिने मला ते सांगितलं असतं का, की मी विचारलंच नव्हतं, याचा विचार करत मी पडून राहायचो.

सिंगापूरला परत आल्यावर सासूबाईंच्या राहण्याचा प्रश्न आला. त्यांचा पास माझ्या बायकोच्या पासवर निघालेला होता. ती गेली तसा तो संपला. त्यानंतर त्या थोड्या थोड्या मुदतीवर राहत होत्या. मी परवान्याच्या ऑफिसात जाऊन विचारलं. काउंटरवरची बाई फार सौजन्याने बोलली. तुमच्या आईवडिलांसाठी अर्ज करता येईल, म्हणाली. पत्नीच्या आईसाठी तुम्हाला करता येणार नाही.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई पोळ्या करत होत्या. "खरं आहे ना," त्या म्हणाल्या. "ती होती म्हणून मी इथली." आणि तव्यावरची पोळी उलटली.

जानेवारी संपता संपता त्या गेल्या. माझी आई पुण्याहून येणार असं ठरलं होतं. ती पंधरा दिवसांनी आली, अजून आहे, मुलीचं सगळं बघते, आणि मुलीला तिची आता सवय झाली आहे. हे चांगलंच झालं. पण विमानतळावर त्या दिवशी मुलगी आजीच्या कमरेला मिठी मारून उभी होती आणि सोडत नव्हती. "आजी, नेक्स्ट हॉलिडे कम लाह," शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत होती. "प्रॉमिस लाह." सासूबाई हो हो म्हणत होत्या. त्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते. त्या नंतर एकदाच येऊ शकल्या.

आत जायच्या आधी त्यांनी मला नमस्कार करू दिला नाही. माझे दोन्ही हात हातात घेतले, काही बोलायचं होतं बहुतेक, पण मागून लोक येत होते. "जेवत जा वेळेवर," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नातीला परत रडू येऊ नये म्हणून असेल.

आम्ही दोघं एमआरटी मेट्रोने पुंगोलला आलो आणि तिथे घराकडे जाणाऱ्या छोट्या एलआरटी रेल्वेत बसलो. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं टेकून लगेच झोपली. आमचं स्टेशन आलं. दारं उघडली. घरात आता कुणीच नव्हतं. मला उठवेना. दारं बंद झाली. ती गाडी गोल फिरते, फिरून परत त्याच स्टेशनवर येते, त्यामुळे बसून राहिलं तरी बिघडत नाही. डब्यात एक बाई बाबागाडी घेऊन चढली, माझ्या झोपलेल्या मुलीकडे बघून हसली. मीही हसलो.

"बाबा," मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "आजी पोहोचली?"

"अजून विमान उडालंसुद्धा नाही, पिल्लू."

"ओके," ती म्हणाली आणि परत झोपली.